गणपतीचे पेनड्राईव्ह, सगळ्यांनी वाचा

ए-२०३ : काल मिळालेला पेनड्राईव्ह टीव्हीला लावला, फोटो दिसतायत पण मुलांच्या नाटकाचा व्हिडिओ मधेच अडकतो. आमच्या टीव्हीचा प्रॉब्लेम आहे की अजून कोणाला असं झालंय?

बी-५०१ : आमच्यात फाईलचं नाव दिसतं पण शून्य केबी.

ए-६०२ : आमचा पूर्ण रिकामा.

सी-१०४ : काका टीव्ही ठीक आहे, चूक माझी आहे. सगळे ४८ मीच भरले, लिनक्सच्या लॅपटॉपवर हब लावून एकावेळी १०. कॉपी झाली, कॉपी कमांडने एरर काही दिला नाही म्हणून काढले आणि वाटले. आज सकाळी डीमेसेज कमांड मारून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग बघितला तर यूएसबी डिस्कनेक्ट, मग बफर आयओ एरर (लिहिता-वाचताना झालेली चूक), परत डिस्कनेक्ट, नुसत्या ओळीच्या ओळी. मनापासून सॉरी सगळ्यांना 🙏

ए-२०३ : अरे पण कॉपी करतानाच का नाही सांगितलं त्याने?

सी-१०४ : कारण फाईल आधी रॅममध्ये जाते आणि कॉपी कमांड तिथेच मोकळी होते, पेनड्राईव्हवर खरं लिहिणं मागून चालू राहतं, म्हणजे एरर येतो तेव्हा कमांड संपलेली असते, सांगणार कोणाला. शेवटी सिंक, म्हणजे रॅममधलं सगळं ड्राईव्हवर लिहून टाक ही कमांड, मारलं होतं मी, पण नुसतं सिंक फेल झालं असं कधी कळवतच नाही. दोन ड्राईव्हवर एरर दिसले म्हणून परत सिंक केलं, तेही गुपचूप संपलं, मला वाटलं गेलं असेल नीट.

बी-३०३ : दादा इथेच घात झाला. मी डेटाबेसवर काम करते, पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना २०१८ ला हाच फटका बसला होता. एफसिंक (एकाच फाईलचं सिंक, हे फेल झालं तर कळवतं) एकदा फेल झालं की कर्नल तो डेटा लिहून झाल्यासारखा धरतं, दुसऱ्यांदा एफसिंक केलं तर ओके म्हणतं, डेटा मात्र गेलेला असतो. एरर आला की ती फाईल पहिल्यापासून परत लिहायची, दुसरा इलाज नाही.

ए-६०२ : आणि आमचा रिकामा कसा?

सी-१०४ : तो सापडला ताई. तुमचा ड्राईव्ह माउंटच झाला नव्हता, म्हणजे त्याच्या नावाच्या फोल्डरला जोडलाच गेला नव्हता, आणि स्क्रिप्टमध्ये मी ते तपासलं नव्हतं, त्यामुळे त्या नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्याच डिस्कवर, ११ जीबी जाऊन पडले. आत्ता बघितलं, सगळं तिथेच आहे.

बी-३०३ : हबला विजेचा ॲडॅप्टर आहे का वेगळा?

सी-१०४ : नाही ना. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपियर देतो, त्यात १० ड्राईव्ह एकदम लिहायला लागले की काही गळणारच. आता ॲडॅप्टरवाला हब आणलाय, ४-४ च लावणार. माउंट झालाय का ते आधी बघायचं, प्रत्येक फाईलवर एफसिंक, एरर आला तर तो ड्राईव्ह बाजूला, मग अनमाउंट करून काढायचा, परत लावायचा आणि शा२५६, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, मूळ फाईलशी जुळवायचा. काढून लावणं महत्त्वाचं, नाहीतर रॅममधलीच कॉपी वाचून जुळलं म्हणेल. आणि लिनक्स ड्राईव्हला देतं ती एसडीएफ, एसडीजी ही नावं ड्राईव्ह सुटून परत लागला की बदलतात, म्हणून हबचा कुठला पोर्ट त्यावरून ओळखणार, स्वस्तातल्या ड्राईव्हचे सिरीयल नंबर पण एकसारखे निघतात.

बी-३०३ : एफथ्री या खरी जागा मोजणाऱ्या प्रोग्रॅमने पण चेक कर, वर १६ जीबी छापलेलं असतं आणि आत कमी असतं कधीकधी. मी संध्याकाळी येते मदतीला.

सी-१०४ : या नक्की. ज्यांचे चालतायत त्यांनी पण आणून द्या, एकही तपासलेला नाही मी. चिठ्ठीवर फ्लॅट नंबर लिहून चिकटवा.

बी-५०१ : मूळ रेकॉर्डिंग आहे ना रे? आईंनी म्हटलेली आरती आहे त्यात, यावर्षी पहिल्यांदा माइकवर म्हटलीये त्यांनी.

सी-१०४ : आहे काकू, दोन वेगळ्या डिस्कवर आहे, दोन्हीचा शा२५६ आत्ताच जुळवला. तुमचा पहिला करतो, रात्री ९ पर्यंत घरी आणून देतो.