दिवाळीला लीड्सहून येतोय, वाटेत चार्जिंगचं काय?

प्रेषक: नीलेश, लीड्स

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही तिघं मिल्टन कीन्सला यायचं म्हणतोय. पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीनं. ऑगस्टमध्ये सेकंडहँड निसान लीफ घेतली, ४० युनिटांची बॅटरी आहे. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, गाडी मागच्या आवारात उभी असते आणि तिथे साधा प्लगपॉइंटही नाही. आठवड्याची खरेदी करताना सुपरमार्केटमध्ये गाडी चार्जिंगला लावतो. गावातल्या गावात तेवढं पुरतं.

पण काल एम-वन मोटरवेवरचे चार्जिंगचे भाव बघितले आणि चक्रावलोच. युनिटला ७९ पेन्स! जाऊन-येऊन ३०० मैल होतील. हिशोब केला तर जुनी पेट्रोल गाडी परवडली असती असं दिसतंय. बायको म्हणते ट्रेननं जाऊ, पण चार वर्षांचा मुलगा, फराळाचे डबे आणि नाटकाचे कपडे घेऊन दोनदा गाड्या बदलायच्या म्हणजे आमची दैनाच. या रस्त्यानं इलेक्ट्रिक गाडी कोणी आणली असेल तर कृपया सांगा, कुठे थांबायचं आणि किती पैसे धरायचे?

नीलेश

प्रेषक: मेधा, मिल्टन कीन्स

नीलेश,

ट्रेनची तिकिटं काढू नकोस. गाडीनं नीट येता येईल, फक्त 'वाटेत बघू' म्हणून निघू नकोस.

आधी भावाचं सांगते. ७९ पेन्स हा मोटरवेवरच्या सर्व्हिसेसचा, म्हणजे विश्रांतीच्या थांब्यांचा, भाव. मोटरवे सोडून दोन-तीन मैल आत गेलास, एखाद्या रिटेल पार्कात, तर तेवढ्याच वेगाचा चार्जर बऱ्याचदा साठच्या आसपास मिळतो. काही ठिकाणी भाव वेळेप्रमाणे बदलतो, संध्याकाळी गर्दीच्या वेळी जास्त आणि रात्री उशिरा कमी. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, तर त्याच वेळेचा भाव ॲपवर बघ.

पण तुझी खरी अडचण भावाची नाही, प्लगची आहे. लीफला जलद चार्जिंगसाठी चाडेमो नावाच्या जुन्या पद्धतीच्या प्लगची गन लागते आणि आता जवळजवळ सगळ्या नव्या गाड्या सीसीएस या दुसऱ्या प्लगवर गेल्या आहेत. नवं स्टेशन उभं राहतं तेव्हा आठ-दहा गन सीसीएसच्या असतात, चाडेमोची एखादीच, कधी तीही नाही. टेस्लानं मे २०२२ पासून इथले काही सुपरचार्जर, म्हणजे त्यांचे स्वतःचे जलद चार्जर, इतर गाड्यांना खुले केले, तिथेही सीसीएसच. त्यामुळे 'इथे बारा चार्जर आहेत' हे वाचून निर्धास्त होऊ नकोस. झॅप-मॅप या चार्जर दाखवणाऱ्या ॲपवर चाडेमोचा फिल्टर लाव आणि प्रत्येक जागेखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाच. 'चाडेमो बंद' असं गेल्या आठवड्यात कोणी लिहिलं असेल तर ती जागा यादीतून काढून टाक.

दुसरं, बॅटरी गरम होण्याचं. लीफची बॅटरी फक्त हवेनं थंड होते, तिच्यात पाणी फिरवून थंड करायची सोय नाही. एका दिवसात दोनदा जलद चार्जिंग केलंस तर दुसऱ्या वेळी गाडी स्वतःच वेग कमी करते, कधी निम्म्याहून खाली आणते. चार्जर ५० किलोवॅटचा असो की १५०चा, गाडी घेईल तेवढंच मिळणार. म्हणून लीड्सहून पूर्ण भरून निघ आणि एकदाच थांब. ताशी ६५ मैलांच्या वर जाऊ नकोस. ६५ने ९५ मैल सहज होतील, म्हणजे लेस्टरच्या आसपास थांबावं लागेल. तिथे ८० टक्क्यांपर्यंतच भर. शेवटचे वीस टक्के फार सावकाश भरतात आणि मागे रांग असेल तर ते बरंही दिसत नाही. पुढे ५५ मैल राहतात.

पैसे भरण्याचं आता बरंच सोपं झालंय. २४ नोव्हेंबर २०२४ पासून ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सगळ्या सार्वजनिक चार्जरना कॉन्टॅक्टलेस कार्ड घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. भाव युनिटला किती पेन्स हे स्पष्ट दाखवलं पाहिजे, चोवीस तास चालणारी फुकट हेल्पलाइन पाहिजे आणि जलद चार्जरचं प्रत्येक जाळं वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलं पाहिजे. हेल्पलाइनचा नंबर चार्जरवरच लिहिलेला असतो. काही बिघडलं तर तिथूनच फोन कर, घरी जाऊन तक्रार करू म्हणून सोडून देऊ नकोस.

हे कळकळीनं सांगतेय कारण मी एकदा सोडून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बर्मिंगहॅमहून परतताना रात्री साडेनऊला एका ठिकाणी थांबलो. बॅटरी ९ टक्के, लेक मागच्या सीटवर झोपलेली. कार्ड लावलं, पडद्यावर 'तयार होत आहे' आलं, गन खट्‌कन अडकली आणि दोन मिनिटांनी सगळं बंद. पुन्हा कार्ड, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गन सुटेचना, हातमोजे काढून दोन्ही हातांनी ओढली तेव्हा निघाली. शेजारच्या चार्जरवर तीन गाड्या थांबल्या होत्या. त्यातल्या एका बाईंनी आमची लेक झोपलेली बघून रांगेतला स्वतःचा नंबर आम्हाला दिला. घरी येऊन बघते तर तिन्ही प्रयत्नांचे पैसे बँकेनं अडवून ठेवलेले, एक युनिटही न मिळता. चार दिवसांनी ते परत आले. कार्ड लावल्यावर आधी ठरावीक रक्कम अडवतात आणि नंतर खरा आकडा घेतात, तेव्हा महिनाअखेरीला खात्यात थोडी जागा ठेवूनच निघ.

आता मुद्द्याचं. कार्यक्रम शनिवारी संपायला दहा वाजतील. रात्री परत जाऊ नका, आमच्याकडे राहा. दारासमोर गाडी लावायच्या जागेत, ड्राइव्हवेवर, चार्जर आहे. रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच आम्हाला ७ पेन्सनं वीज मिळते. सकाळी गाडी पूर्ण भरलेली असेल. घरच्या चार्जरला लागणारी टाइप-टूची केबल मात्र डिकीत टाक, आमची दुसऱ्या गाडीला लागते.

मेधा

प्रेषक: वसंतकाका, हॅरो

मेधाताई, पत्र उत्तम. एक गोष्ट मात्र मनाला टोचली म्हणून लिहितो.

माझ्याकडे तीन वर्षं इलेक्ट्रिक गाडी आहे. निवृत्त माणूस, घराचं कर्ज फिटलेलं, दारात जागा. रात्री केबल लावतो आणि युनिटला ७ पेन्स भरतो. नीलेशसारखा संसार मांडत असलेला मुलगा, भाड्यानं राहणारा, त्याच विजेला ७९ भरतो. अकरा पट! आमच्या वेळी पेट्रोल पंपावर साहेब आणि कारकून एकाच भावानं भरत होते. हे असं का? वीज काय वेगळी असते का?

वसंतकाका

प्रेषक: मेधा, मिल्टन कीन्स

काका,

वीज तीच असते. मी वीजवितरणाच्या कामात आहे म्हणून थोडं आतलं सांगते.

दीडशे किलोवॅटचे आठ चार्जर म्हणजे १२०० किलोवॅट. आपली किटली ३ किलोवॅटची धरा, चारशे किटल्या एकदम लावल्यासारखं. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर, जाड केबल, रस्ता खणणं आणि ग्रिडच्या जोडणीसाठी महिनोन्‌महिने थांबणं. एवढं केल्यावर मंगळवारी दुपारी तिथे एकच गाडी उभी असते, पण जोडणीचा स्थिर आकार रोज भरावाच लागतो. २०२२ पासून मोठ्या जोडण्यांचा हा आकार खूप वाढला. शिवाय ऑफजेम या वीज-गॅस नियामकाची भावमर्यादा घरगुती ग्राहकांना आहे, धंद्याच्या विजेला नाही. म्हणजे चार्जर चालवणारे सगळं खिशातच घालतात असं मी म्हणणार नाही.

पण एक भाग असा आहे ज्याचं समर्थन मला करता येत नाही, तो म्हणजे व्हॅट. घरच्या विजेवर ५ टक्के, सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. ७९ पेन्समधले साधारण १३ पेन्स व्हॅटचे. ५ टक्के असता तर भाव ६९ झाला असता. ज्याच्या दारात जागा आहे त्याला कर कमी आणि ज्याला जागा परवडत नाही त्याला चौपट. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पर्यावरण व हवामान बदल समितीनं फेब्रुवारी २०२४च्या अहवालात हा फरक मिटवा असं सांगितलं. गाड्यांवरचे टीव्ही निवेदक क्वेन्टिन विल्सन यांनी सुरू केलेली फेअरचार्ज मोहीम त्याच्याही आधीपासून हेच मागत होती. माझ्या खासदारांना मी दोनदा पत्र लिहिलंय, तिसरं लिहिते आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला वेगळी मेल करा. ड्राइव्हवेवाल्यांनी तर आवर्जून करा. आपलं काही अडलेलं नसताना आपण बोललो तर त्याला वजन येतं.

नीलेश, तुझ्यासाठी आणखी एक. फ्लॅटवाल्यांना आणि भाडेकरूंना चार्जर बसवायला सरकारी अनुदान आहे. एप्रिल २०२२मध्ये ते स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी बंद केलं आणि तुमच्यासाठी ठेवलं. सुरुवातीला ३५० पौंडांपर्यंत होतं. तुमच्या मागच्या आवारातली जागा तुमच्या नावावर नेमून दिलेली असेल तर घरमालकाशी बोलून बघ. त्यांची लेखी परवानगी लागेल. पत्राचा मसुदा मी करून देते.

मेधा

प्रेषक: अश्विनी, लंडन

मध्येच बोलते. मी मेडा व्हेलला भाड्यानं राहते. आमच्याकडे दिव्याच्या खांबावरच प्लग आहेत. जवळच्या सदरलँड अव्हेन्यूवर मार्च २०२०मध्ये चोवीस खांबांवर बसवले होते. पाच किलोवॅट, सावकाश, पण रात्रभर गाडी उभीच असते. कसली घाई? लंडनबाहेर हे फारसं का दिसत नाही? नीलेशदादा, तुमच्या कौन्सिलला विचारा. फास्ट चार्जरच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या गल्लीत असे वीस खांब मिळाले तर फ्लॅटवाल्यांचं निम्मं दुखणं जाईल.

अश्विनी

प्रेषक: नीलेश, लीड्स

मंडळी,

काल रात्री सुखरूप पोचलो. कार्यक्रम फार छान झाला, मुलगा अजून मावळ्याचा फेटा उतरवायला तयार नाही. ठरल्याप्रमाणे हिशोब देतो, पुढच्या वर्षी कोणाच्या तरी कामाला येईल.

निघण्याआधी सुपरमार्केटमध्ये २९ युनिटं, ५० पेन्सनं: १४ पौंड ५०. जाताना लेस्टरजवळ सर्व्हिसेसमध्ये २४ युनिटं, ७९नं: १८ पौंड ९६. चाडेमो दोन होत्या, त्यातली एक बंद. दुसरीवर आमच्यासारखीच एक लीफ होती, पंचवीस मिनिटं थांबलो. मुलानं तेवढ्यात चकल्यांचा अर्धा डबा संपवला. बंद गनसाठी हेल्पलाइनला तिथूनच फोन केला. त्यांनी लांबूनच रीस्टार्ट केली आणि ती चालू झाली! मागून आलेल्या माणसाला लगेच मिळाली.

रात्री मेधाताईंच्या दारात २९ युनिटं, ७नं: २ पौंड ३. येताना नॉटिंगहॅमला मोटरवे सोडून दोन मैल आत गेलो, १८ युनिटं ५९नं: १० पौंड ६२. पोचलो तेव्हा २० टक्के शिल्लक.

एकूण ४६ पौंड ११. पेट्रोल गॅलनला ४० मैल आणि लिटरला १३५ पेन्स धरलं तर ३०० मैलांना तेवढेच झाले असते. पण ताईंची ती २९ युनिटं मोटरवेवर घेतली असती तर एकट्या त्यांचेच जवळजवळ २३ पौंड झाले असते, आणि एकूण ६७. फरक सगळा त्या एका रात्रीचा आहे.

ताईंनी दोन पौंड घेतले नाहीत, आईनं पाठवलेले अनारसे मात्र घेतले. घरमालकांना पत्र आज सकाळी पाठवलं. आमच्याकडे ड्राइव्हवे नाही, पण लीड्स, वेकफील्ड आणि ब्रॅडफर्डमधल्या चालू चाडेमो गनची यादी मी ठेवणार आहे. उत्तरेला कोणी लीफ घेऊन येत असाल तर निघायच्या आदल्या दिवशी मला फोन करा, मी जाऊन बघून येतो.

नीलेश