व्हेगासचं बेलाजिओ फाउंटन: आईबाबांना घेऊन कधी जावं, कुठून बघावं?

मिरजकर_फिनिक्स
नमस्कार मंडळी, आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना गाडीत घालून व्हेगासला नेतोय, एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी हूवर धरण बघून परत. आईचं पहिल्यापासून "त्या जुगाराच्या गावात मला मेलं काय ठेवलंय" चालू होतं, मग बेलाजिओ हॉटेलसमोरचा गाण्यावर नाचणाऱ्या कारंज्यांचा शो फुकट असतो असं सांगितल्यावर जरा विरघळली. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे त्यांना गाण्याशी देणंघेणं नाही, त्यांचा एकच प्रश्न की वाळवंटात एवढं पाणी आणलं कुठून आणि ते वर फेकतात कसं. मला विचारायचं ते असं की खरंच तिकीट नाही ना, की आत गेल्यावर कुठेतरी कापतात, कारण हॉटेलच्या बिलात रिसॉर्ट फी नावाचं प्रकरण बघून मी आधीच सावध झालोय. किती वाजता जावं, कुठे उभं राहावं, आईचे गुडघे दुखतात त्यामुळे तासभर उभं राहणं जमणार नाही. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याला घेऊन कॅसिनोतून जाऊ देतात का? आणि समोरच्या पॅरिस हॉटेलच्या नकली आयफेल टॉवरवर चढून बघण्यासाठी पैसे घालावेत का?

उंटावरचा_शहाणा
तिकीट-बिकीट काही नाही, गेटच नाही तर तिकीट कुठे मागणार. स्ट्रिपच्या, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्याच्या फुटपाथला लागूनच तळं आहे, दगडी कठडा आहे, त्याला टेकायचं आणि बघायचं, हॉटेलात पाय ठेवायचीसुद्धा गरज नाही.

वेळा साधारण अशा असतात की सोमवार ते शुक्रवार दुपारी ३ पासून दर अर्ध्या तासाला आणि संध्याकाळी ७ नंतर मध्यरात्रीपर्यंत दर १५ मिनिटांनी, शनिवार-रविवारी सकाळी उशिरा किंवा दुपारीच चालू होतात. मधेच बदलतात त्यामुळे निघायच्या दिवशी हॉटेलच्या साइटवर एकदा बघून घे. एक शो म्हणजे एक गाणं, तीन-चार मिनिटांत खेळ खल्लास. बहुतेक लोक एक बघतात, व्हिडिओ काढतात आणि पळतात. तसं करू नकोस, गाणं बदललं की पाण्याची चाल पूर्ण बदलते, एखाद्या गाण्यात नुसतं हळूहळू डोलतं आणि पुढच्याच गाण्यात अंगावर येतं. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेपाचचा शो उजेडात, साडेसहाचा दिवे लागल्यावर आणि सातनंतर हवे तेवढे, असं जमव. उजेडातला शो लोक उगाच टाळतात, पाण्याच्या धारा एकेक सुट्या कळतात त्या तेव्हाच.

जागा म्हणशील तर कठड्याच्या मधोमध, जिथे समोर हॉटेलची इमारत सरळ दिसते. तिथे स्पीकर जवळ आहेत आणि पाणी वाकून दोन्ही बाजूंनी येतं ते नीट दिसतं. कोपऱ्यावर फ्लेमिंगो रोडच्या बाजूला उभं राहिलं तर सगळं तिरकं दिसतं. दुसरा शो रस्त्याच्या पलीकडून पॅरिस हॉटेलच्या फुटपाथवरून बघा, गाणं ट्रॅफिकमध्ये अर्धं बुडतं पण अख्खी रांग एका नजरेत मावते.

पादचारी पुलांवर थांबून बघायचा विचार असेल तर सोडून दे. जानेवारी २०२४ पासून स्ट्रिपच्या पुलांवर उभं राहायला काउंटीने बंदी घातलीय, चालत राहावं लागतं, फोटोसाठी रेंगाळलात तरी हटकू शकतात.

आणि वारा. जोराचा वारा सुटला की शो सरळ रद्द, त्याला इलाज नाही. म्हणून सगळी मदार रात्री दहाच्या शोवर ठेवू नकोस, पोहोचलास की मिळेल तो पहिला बघून घे.

सिद्धी_सॅन_होजे
वरचं सगळं बरोबर आहे फक्त ज्येष्ठ मंडळींच्या बाजूने थोडं लिहिते कारण मी सासूबाईंना घेऊन गेलेय आणि स्ट्रिपवरची अंतरं फसवतात. समोर दिसणारं हॉटेल "हे काय इथेच" वाटतं आणि चालायला लागलं की वीस मिनिटं संपत नाही, मधे पूल, एस्केलेटर, परत पूल. काकूंना गुडघ्याचा त्रास असेल तर गाडी घेऊन जवळच्या पार्किंगमध्ये लावा (पैसे पडतात, फुकट फक्त कारंजं आहे 😄) नाहीतर तुमचं हॉटेल दक्षिणेकडे असेल तर पार्क एमजीएम हॉटेलपासून बेलाजिओपर्यंत फुकट ट्राम आहे ती घ्या. कठड्यापाशी बसायला धड जागा नाही, म्हणून एक घडीची छोटी स्टुलं मिळतात ना, तसलं एक डिकीत टाका. शो चालू व्हायच्या आधी दहा मिनिटं काकूंना पुढे बसवायचं, मग मागून कितीही गर्दी झाली तरी त्यांना अडचण नाही.

मुलाला कॅसिनोतून नेता येतं पण रस्ता आखलेला असतो त्यावरून चालत राहायचं, एकवीसच्या आतल्यांना मशीनपाशी थांबू देत नाहीत. तुम्ही तिघं पुढे चालताय आणि मुलगा लुकलुकणाऱ्या मशीनसमोर उभा असं झालं की लगेच कोणीतरी येऊन सांगतं. आत सिगारेटचा वास येतो, काकूंना त्रास होत असेल तर रुमाल हाताशी ठेवा.

आणि कारंज्यासाठी गेलाच आहात तर दोन शोंच्या मधल्या वेळात हॉटेलात शिरा, तेही फुकटच आहे. लॉबीच्या छतावर डेल चिहुली या काचकलाकाराने केलेली काचेची फुलं आहेत, साधारण दोन हजार, रंगीबेरंगी, मान वर करून बघत राहावं अशी. त्याच्या पुढे कॉन्झर्व्हेटरी आहे, खऱ्या फुलांचे मोठमोठे देखावे, वर्षातून पाच वेळा बदलतात आणि बदलताना काही दिवस बंद असते एवढं बघून घ्या. माझ्या सासूबाई कारंजं बघून "छान आहे" म्हणाल्या आणि तिथल्या शेवंतीपुढून हलेचनात, हे कुंड्यांत लावलंय की जमिनीत इथपासून सुरुवात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. फुटपाथवर पिसांचे मुकुट घातलेल्या बायका आणि कार्टूनचे पोशाख घातलेले लोक फोटोला बोलावतात, फोटो झाला की पैसे मागतात, आणि भलतीसलती कार्डं वाटणारेही असतात. आईबाबांबरोबर असताना सरळ समोर बघत चालायचं.

कोयनाकाठ
तुझ्या बाबांसाठी लिहितो, त्यांना हे वाचून दाखव.

तळं साधारण आठ एकरांचं. त्यात १,२००च्या वर नळ्या आहेत आणि त्यांचे प्रकार वेगवेगळे. डोलणाऱ्या, वळणाऱ्या धारा ज्यातून येतात त्या २०८, त्यांना तिथे 'ओर्समन' म्हणतात, त्या मोटरवर सगळ्या दिशांना फिरतात, म्हणून पाणी कमरेत वाकल्यासारखं दिसतं. बाकीचे 'शूटर'. त्यात पंप सतत पाणी ढकलत नाही, तर दाबाखाली भरून ठेवलेली हवा एका झटक्यात सोडतात आणि ती वरचं पाणी उडवते. मोठे शूटर २४० फुटांपर्यंत फेकतात आणि सगळ्यात दांडगे १६ आहेत ते ४६० फुटांपर्यंत, म्हणजे चाळीस मजल्यांच्या आसपास. ते सुटतात तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज होतो, छातीत जाणवतो, आणि एवढं पाणी परत तळ्यावर आपटतं त्याचा आवाज वेगळा. नातवाला आधी सांगून ठेवा, लहान मुलं दचकतात. देखभालीला पाणबुडे खाली उतरतात.

हे सगळं वेट नावाच्या कंपनीने केलंय, हॉटेल उघडलं ऑक्टोबर १९९८ मध्ये, स्टीव्ह विन यांनी बांधलं. दुबईचं बुर्ज खलिफासमोरचं कारंजंही त्याच कंपनीचं.

आयफेल टॉवरचं विचारलंस ना, तो पॅरिस शहरातल्या खऱ्या टॉवरच्या निम्म्या उंचीचा आहे, ५४० फूट. वरून शो बघितला तर नळ्यांची मांडणी कशी केलीय, कुठे गोल, कुठे कमान, ते कळतं, बाबांना आवडेल. पण खाली कठड्यापाशी जे तुषार तोंडावर येतात ते वर नाही. पैसे घालायचे तर खालून दोन शो बघून झाल्यावर घाला.

माणदेशी_माणूस
सगळं छान चाललंय पण मला एक सांगा, कोलोरॅडो नदी आटत चाललीय, लेक मीडच्या (हूवर धरणामागच्या जलाशयाच्या) काठावर पांढरे पट्टे पडलेत, आणि हे लोक गाण्यावर पाणी नाचवतात. आमच्याकडे टँकरची वाट बघत मोठे झालेल्या माणसाला ते बघून टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. मी बघितलंय, सुंदर आहे, पण घशाखाली उतरलं नाही.

कोयनाकाठ
माणदेशी, भावना पटते, पण हे पाणी लेक मीडचं नाही. बेलाजिओच्या जागेवर आधी ड्यून्स नावाचं हॉटेल होतं, १९९३ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याचं गोल्फचं मैदान होतं आणि त्या हिरवळीला जागेवरच्या विहिरीचं पाणी घालायचे. तीच विहीर आता तळं भरते. उडालेलं पाणी परत तळ्यातच पडतं, जातं ते मुख्यतः बाष्पीभवनाने, आणि गोल्फच्या हिरवळीला याहून जास्त लागायचं.

शिवाय व्हेगासमध्ये घरात आणि हॉटेलात वापरलेलं जवळपास सगळं सांडपाणी शुद्ध करून लेक मीडमध्येच परत सोडतात, अगदी आंघोळीचं आणि संडासाचंसुद्धा. खरा खर्च बाहेरचा, लॉनचा. म्हणून तर २०२१ मध्ये नेवाडाने कायदा केला की नुसती शोभेची, कोणी पाय न ठेवणारी हिरवळ २०२६ संपायच्या आत काढून टाकायची. डोळ्यांना कारंजं खुपतं, पण पाणी पितंय ते ऑफिसांसमोरचं गवत.

माणदेशी_माणूस
विहिरीचं माहीत नव्हतं. तरी वाळवंटात उघड्यावर आठ एकर तळं ठेवणं हा माज आहे हे माझं मत कायम. 🙂

चहाटळ
माज म्हणा काही म्हणा, पण एका पक्ष्यासाठी त्यांनी शो थांबवला होता हेही लिहा की कोणीतरी! मार्च २०२४ मध्ये पिवळ्या चोचीचा लून, उत्तरेकडच्या थंड प्रदेशातला दुर्मीळ पक्षी, रस्ता चुकून त्या तळ्यात उतरला. तो पकडून सुरक्षित जागी हलवेपर्यंत कारंजी बंद. लाखो रुपये मोजून आलेले टुरिस्ट कठड्यावर एका बदकासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याचे फोटो काढत बसले असतील 😂

आणि मिरजकर, नोव्हेंबरात जाणार नाही आहात हे बरं आहे, तेव्हा फॉर्म्युला वनची शर्यत त्याच रस्त्यावर असते आणि बेलाजिओसमोर ग्रँडस्टँड उभारतात. त्याची बांधाबांध आधीपासून चालू होते त्यामुळे ऑक्टोबरातसुद्धा कठड्याचा काही भाग अडलेला मिळू शकतो, तेवढी तयारी ठेवा. तसं झालं तर पलीकडचा फुटपाथ.

मिरजकर_फिनिक्स
मनापासून आभार सगळ्यांचे. बाबांना कोयनाकाठ यांचं वाचून दाखवलं, विहिरीचं ऐकून खूश झाले आणि लगेच "किती खोल आहे आणि उपसा किती" 🙏. आयफेल टॉवर बाबांवर सोडलाय. आईला शेवंतीचं सांगितलंय. बुधवारी जायचं ठरतंय, पाचपर्यंत पोहोचायचं, साडेपाचचा शो, मग कॉन्झर्व्हेटरी, मग साडेसहा किंवा सातचा. आता एवढंच सांगा की आठच्या पुढे आईबाबांना शाकाहारी आणि जरा जिभेला चव येईल असं जेवण स्ट्रिपवर मिळतं का, की घरून ठेपले आणि दहीभात घेऊन जाऊ?

सिद्धी_सॅन_होजे
ठेपले घ्याच. स्ट्रिपवर मिळतं पण पाच जणांचं बिल बघून काका परत विहिरीचा विषय काढतील. देशी हॉटेलं स्ट्रिपपासून थोडी बाहेर गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, गाडी आहेच तुमच्याकडे. दहीभात मात्र फिनिक्सहून पाच तास गाडीत, आइसबॉक्स असेल तरच.