गुवाहाटीत रोपवेने ब्रह्मपुत्रा ओलांडणे : सासूबाईंना न्यावे का?

घोडबंदरची सून :
नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही ठाण्याहून कामाख्येच्या दर्शनाला जात आहोत. सोबत सासूबाई (वय 74) आणि दहा वर्षांची मुलगी आहे. दर्शनानंतरची दुपार मोकळी आहे आणि कचारी घाटावरून नदीपलीकडे जाणाऱ्या रोपवेत बसायचेच, असा मुलीचा हट्ट आहे. सासूबाई पूर्वी एकदा रायगडाच्या रोपवेत बसल्या होत्या, तेव्हा वर पोहोचेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नव्हते. त्यामुळे "तुम्ही जाऊन या, मी काठावर बसते" असे त्यांनी आत्ताच जाहीर करून टाकले आहे. परक्या गावात त्यांना एकटे बसवून जाणे मला पटत नाही. हा प्रवास रायगडासारखाच असतो का, वाटेत उमानंद बेटावर उतरता येते का, आणि साडेपाचच्या सुमारास गेल्यास नदीवरून सूर्यास्त दिसेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सीवूड्सचा प्रवासी :
तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण आमची फजिती नेमकी तिथेच झाली होती. डिसेंबरात गुवाहाटीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ आपलेच असले तरी ते शहर इतके पूर्वेला आहे की ठाण्यापेक्षा दीड तास आधी तिथे अंधार पडतो. आमच्या सहल आयोजकाने कार्यक्रमात "सायंकाळी साडेपाच, रोपवे" असे छापले होते आणि आम्ही अकरा जण काळोखात शहराचे दिवे पाहून परत आलो. तुम्ही तीनपर्यंत घाटावर पोहोचा. सकाळची वेळही मी सुचवणार नाही, कारण थंडीत नदीवर धुके साचते आणि काचेबाहेर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही.

उमानंदला रोपवे थांबत नाही; तो बेटाच्या वरून जातो आणि देवळाभोवतीची झाडी आपल्या पायाखालून सरकते. बेटावर उतरायचे असेल तर बोटीनेच जावे लागते.

शहराकडून जाताना डाव्या हाताच्या काचेशी उभे राहा. तो नदीच्या उताराचा, म्हणजे पश्चिमेचा अंग आहे. कामाख्येची नीलाचल टेकडी त्याच बाजूला येते आणि डिसेंबरातला सूर्यही तिकडेच कललेला असतो. थंडीत पाणी ओसरल्यामुळे मधूनमधून वाळूचे पट्टे उघडे पडलेले दिसतात. आपल्याला खाडीची सवय असते, वाशीच्या पुलावरून रोजचे जाणे-येणे असते, तरीही एवढे गोडे पाणी एकत्र पाहून माणूस गप्प होतो. तिकडचे लोक ब्रह्मपुत्राला नदी न म्हणता नद म्हणतात, ते वरून पाहताना पटते.

ऐरोलीचा निवृत्त अभियंता :
सासूबाईंच्या भीतीविषयी थोडे लिहितो. रायगडावर पाळणा लहान असतो आणि कड्याला जवळजवळ भिडून सरळ वर चढतो. त्या चढामुळेच पोटात गोळा येतो. गुवाहाटीचा मार्ग 1.82 किलोमीटर लांब असला तरी तो एका काठावरून दुसऱ्या काठावर, बराचसा आडवा जातो. प्रत्येक डब्यात 30 प्रवासी आणि एक चालक मावतो, म्हणजे आतला अनुभव पाळण्यापेक्षा लहानशा बसच्या जवळचा आहे. भार पेलणारा दोर आणि ओढणारा दोर वेगवेगळे आहेत. डबा मनोऱ्यावरून जाताना किंचित हेलकावा बसतो, तेवढी कल्पना त्यांना आधी द्यावी. न सांगता बसलेला धक्का मोठा वाटतो.

डबे दोनच आहेत. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा खाली जाताना दुसरा वर येतो, तसे दोन्ही डबे एकाच वेळी आपापल्या काठावरून निघतात आणि मध्यावर एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे तासाला एका दिशेने साधारण 250 माणसेच जाऊ शकतात. तुमच्यापुढे शंभर माणसे असतील तर अर्धा तास उभे राहण्याची तयारी हवी. सासूबाईंना खरा त्रास या रांगेचा होईल, उंचीचा नव्हे. प्रत्यक्ष प्रवास आठेक मिनिटांचा आहे. वारा वाढला की रोपवे बंद ठेवावा लागतो, पण ती धास्ती एप्रिल-मे महिन्यांत, बरदैसिला म्हणजे तिकडच्या वळवाच्या वादळांच्या दिवसांत जास्त.

कोपरीकर :
माझे मत वेगळे आहे. फेरी बोट असताना काचेच्या डब्यातून नदी कशाला पाहायची? पाण्याचा वास, इंजिनाची धडधड, सोबत सायकली आणि भाजीच्या पाट्या घेऊन निघालेले लोक, हे वर मिळत नाही.

मात्र रोपवेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. गुवाहाटीजवळ दोन्हीकडच्या टेकड्या पुढे सरसावतात आणि अफाट ब्रह्मपुत्रा तिथे आकसते, हे वरून एका नजरेत कळते. 1671 साली सराईघाटच्या लढाईत आहोम राज्याचा सेनापती लाचित बडफुकन याने मोगलांना याच चिंचोळ्या पाण्यात गाठले. मोगलांचा सेनापती होता रामसिंह, म्हणजे मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा. आग्र्याला शिवाजी महाराज ज्याच्या जामिनकीवर होते, तोच हा. मुलीला हे डब्यात बसण्यापूर्वी सांगा, नंतर ती ऐकणार नाही.

सीवूड्सचा प्रवासी :
कोपरीकर, बोटीचे सुख मलाही मान्य आहे, पण 74 वर्षांच्या बाईंना हिवाळ्यात घाट उतरून फळीवरून बोटीत चढवणे सोपे नाही. पाणी खाली गेले की उतरणही वाढते.

आणखी एक सांगायचे राहिले. बहुतेक पर्यटक पलीकडे उतरून लगेच परतीच्या रांगेत उभे राहतात, ते टाळावे. पलीकडच्या काठावर राजादुआरला दौल गोविंद हे कृष्णाचे मंदिर जवळच आहे. सासूबाईंना कृष्णदर्शनाचे निमित्त सांगितले तर त्या कदाचित आपणहून निघतील. 2020 च्या ऑगस्टमध्ये रोपवे सुरू झाला तेव्हा एका बाजूचे भाडे 60 आणि जाऊन-येऊन 100 रुपये होते. आताचे भाडे आणि शेवटच्या फेरीची वेळ तिकीट काढतानाच विचारून घ्यावी, नाहीतर सराईघाट पुलाचा मोठा वळसा घालून परतावे लागेल.

घोडबंदरची सून :
सर्वांचे मनापासून आभार. दौल गोविंदाचे नाव काढताच सासूबाईंनी "देवळात जायचे तर मग प्रश्नच नाही" असे म्हटले, मात्र मधल्या दांड्याला धरून उभी राहीन, काचेजवळ येणार नाही, अशी अट घातली आहे. तीन वाजता घाटावर पोहोचायचे ठरले. मुलगी आता आग्र्याहून सुटकेनंतर रामसिंहाचे पुढे काय झाले, ते विचारते आहे.