ट्यूमर मार्करला मराठीत काय म्हणायचं?

काकांचे रिपोर्ट काकूला समजावून सांगायचेत म्हणून विचारतेय. जठराचा कॅन्सर आहे, रक्ताच्या रिपोर्टवर सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ अशा तीन ट्यूमर मार्करचे, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांचे, आकडे आलेत. एका पत्रकात यांना अर्बुदखूण म्हटलंय, दुसऱ्यात कर्करोगनिदर्शक. काकू विचारते, खूण म्हणजे डाग का गं?

—

ताई, खूण नकोच. खूण पटली म्हणजे माणूस तोच हे ठरलं, आणि इथे नेमकं तेच ठरत नाही. सीईए १९६५ साली मॉन्ट्रियलला गोल्ड आणि फ्रीडमन या दोघांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडला, पण तो बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांतही जरा वाढलेला असतो. सीए १९-९ कावीळ होऊन पित्त तुंबलं तरी वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तर तो जन्मतःच बनत नाही, मग आजार कितीही पसरला तरी आकडा खालीच. म्हणून मी 'सूचक' म्हणतो.

आणि कृपा करून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणू नका. माझ्या वडिलांचा सीईए २.८ आला, हद्द ५ ची, लॅबमधल्या माणसाने पेनाने गोल केला आणि म्हणाला निगेटिव्ह आहे, काळजी नको. आम्ही येताना पेढे घेऊन आलो. तीन महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर गेले आणि मग दुर्बिणीतून तुकडा काढला तेव्हा कॅन्सर निघाला. तो गोल केलेला कागद अजून माझ्या कपाटात आहे. 'आकडा हद्दीत आहे' एवढंच म्हणा, त्यात खोटं काही नाही.

—

अर्बुद शब्द सुश्रुतसंहितेतला, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ. शब्द चांगला आहे पण घरात कोण बोलतं? आपण सरळ गाठ म्हणतो. फक्त जठरात दरवेळी गाठ असतेच असं नाही, एका प्रकारात जठराची सगळी भिंतच जाड आणि ताठ होत जाते, अशा पेशंटला 'गाठ कुठाय दाखवा' म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. आणि 'पोटाचा कॅन्सर' पण टाळा, पोट म्हटलं की आतडं, लिव्हर सगळंच आलं. संस्कृतात जठर म्हणजे पोटच, पण शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याला जठर म्हणजे अन्नाची पिशवी हे पक्कं माहितीय, तेच वापरा. हिंदी पत्रकात आमाशय असतं, ते हेच.

—

खूप आभार दोघांचे. काकूला सूचक म्हणून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे चाहूल. मला फार आवडला शब्द. चालेल?

—

शब्द गोड आहे ताई, पण चाहूल आधी लागते. हे आकडे आजार लहान असताना बहुतेक वेळा हद्दीतच असतात, आणि लिव्हरला किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरला की जास्त करून वाढतात. लोक चाहूल समजून तपासून घेतील आणि हद्दीत आला की एंडोस्कोपी टाळतील, माझ्या घरी झालं तसं. ऑपरेशनच्या आधी वाढलेला आकडा नंतर खाली आला का, परत चढतोय का, हे बघायला मात्र ही टेस्ट कामाची. काकूंना सांगा, माग ठेवायची टेस्ट आहे. माग म्हटलं की बरोबर कळेल.