डेव्हिस कप सोडून आपण काय कमावलं? दक्षिण आफ्रिकेवरच्या बहिष्काराबद्दल

सोमवारपेठी

सप्टेंबर १९७४. पुण्यात भारताने सोव्हिएत संघाला ३-१ हरवलं आणि डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत धडक मारली. त्याआधी कलकत्त्यात ऑस्ट्रेलिया गारद झाला होता. अमृतराज बंधू भरात होते. अंतिम फेरीत समोर आला दक्षिण आफ्रिका आणि तिथल्या वर्णभेदामुळे भारताने खेळायला साफ नकार दिला. त्यांना एकही चेंडू न मारता कप मिळाला, आपल्याला तो आजतागायत मिळालेला नाही.

यावर हल्ली सर्रास ऐकू येतं की ही आपली भाबडी तत्त्वनिष्ठा होती, तिने वर्णभेदाचं काही वाकडं झालं नाही. मला हे पटत नाही. उलट, नुसत्या ठरावांनीच फारसं काही झालं नव्हतं. १९४६ मध्ये भारताने तिथल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, विजयालक्ष्मी पंडितांनी तो लढवला, आपण व्यापारही तोडला. दोन वर्षांनी तिथे गोऱ्यांची नॅशनल पार्टी निवडून आली आणि कुणी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, हे कातडीच्या रंगावर ठरवणारे कायदे एकामागून एक झाले. १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली. १९६२ मध्ये आमसभेने सदस्य देशांना संबंध तोडायला सांगितलं, पण ते कुणावर बंधनकारक नव्हतं. ब्रिटन-अमेरिकेने काणाडोळा केला. सुरक्षा परिषदेची सक्तीची शस्त्रबंदी यायला १९७७ साल उजाडलं.

गोऱ्या मतदाराला चिमटा बसला तो दोन ठिकाणी, खेळात आणि कर्जात. ऑलिम्पिकचं दार १९६४ पासून बंद, १९७० पासून कसोटी क्रिकेट बंद. आणि १९८५ च्या उन्हाळ्यात चेस मॅनहॅटन बँकेने कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला, पाठोपाठ इतर बँकाही सरकल्या. ऑगस्टमध्ये डर्बनला राष्ट्राध्यक्ष बोथा मोठ्या सुधारणा जाहीर करणार अशी हवा होती. त्यांनी ठणकावून काहीच दिलं नाही. त्यांचं चलन रँड कोसळलं, शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि सरकारने परदेशी कर्जाची परतफेडच थांबवली.

कोरडवाहू

श्रेय चुकीच्या खात्यात जमा करताय. १९७३ चे डर्बनचे कामगार संप, १९७६ चा सोवेटोतला विद्यार्थ्यांचा उठाव, १९८३ नंतरची वर्णभेदविरोधी संघटनांची आघाडी युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट, वस्त्यावस्त्यांतले भाडेबंद... मार खाल्ला त्या लोकांनी आणि आपण इथे न खेळलेल्या टेनिसवर मिशीला पीळ देतोय! बँका पळाल्या त्या नीतिमत्तेने नव्हे, वस्त्या पेटल्या म्हणून, पैसे बुडतील या भीतीने.

शस्त्रबंदीने काय झालं तेही बघा. दक्षिण आफ्रिकेने स्वतःचा शस्त्रकारखाना काढला आणि पुढे तोफा निर्यात करू लागले. तेल मिळेना तर तिथल्या सासोल कंपनीने कोळशापासून पेट्रोल काढलं. हेलन सुझमन यांनी अख्खी हयात संसदेत वर्णभेदाशी भांडण्यात घालवली, त्यांचाही सरसकट आर्थिक निर्बंधांना विरोध होता. खाण बंद पडली तर आधी चूल विझते ती काळ्या मजुराची.

माहीमकर

खेळाबद्दल सोमवारपेठींशी सहमत. मार्च १९९२ मध्ये गोऱ्यांचं सार्वमत होतं, राष्ट्राध्यक्ष डी क्लर्कनी काळ्यांच्या नेत्यांशी वाटाघाटी चालू ठेवाव्यात का? तेव्हाच त्यांचा संघ ऑस्ट्रेलियात वर्ल्ड कप खेळत होता. 'नाही' जिंकलं असतं तर पुन्हा बॅगा भरायच्या, हे घराघरात माहीत होतं. ६८ टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले. सगळे काही क्रिकेटसाठी नव्हे, मान्य. पण ती भीती प्रचारात खुलेआम वापरली गेली.

अनुस्वार

हे सगळं छान. पण व्यापार तोडलेल्या देशाच्या हिरेबाजारात, मुंबईच्या ऑपेरा हाउसवर, डी बिअर्स या दक्षिण आफ्रिकी कंपनीचे कच्चे हिरे लंडनमार्गे येतच होते ना? त्यावर कुणी धागा काढत नाही.

दुसरं. १९४६ मध्येच बाबासाहेबांनी अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यायचा विचार चालू होता. आणि २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडला तेव्हा भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत मामला. 'अंतर्गत मामला' हेच प्रिटोरियाचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकी सरकारचं, १९४६ पासूनचं पालुपद होतं.

सोमवारपेठी

@अनुस्वार, २००१ ची भूमिका मलाही लाजिरवाणी वाटते. पण प्रिटोरियात भेदभाव हाच कायदा होता आणि आपल्याकडे कायदा त्याच्या विरुद्ध आहे. बाहेरून दबाव कशावर टाकायचा, हे त्यावर ठरतं. हिऱ्यांबद्दल माझ्याकडे बचाव नाही.

@कोरडवाहू, मजुराच्या चुलीची काळजी खरी, पण मजुराला विचारा की. तिथल्या कामगार संघटनांचा महासंघ कोसाटू निर्बंधांच्या बाजूने होता, बिशप टुटूही. आणि तिथे निर्बंधांची जाहीर मागणी करणं हाच गुन्हा ठरू शकत होता. तरी लोक करत होते.

लिफीकाठ

डब्लिनहून लिहितेय. इथल्या हेन्री स्ट्रीटवरच्या डन्स स्टोअर्समध्ये जुलै १९८४ ला मेरी मॅनिंग या कॅशियरने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला. युनियनची सूचना होती, तिने पाळली. तिला निलंबित केलं तशा मूठभर सहकारी बाहेर पडल्या. पगार बुडाला, वर येणाजाणाऱ्यांचे टोमणे. सुरुवातीला त्यांनाही वर्णभेदाबद्दल फारसं माहीत नव्हतं, म्हणून मला ही गोष्ट जास्त आवडते. अडीच वर्षांहून जास्त चालला तो संप आणि १९८७ मध्ये आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांची आयात बंद केली. हे ठराव, बँक की क्रिकेट, कुठल्या खात्यात टाकणार?

कोरडवाहू

ताई, त्या बायकांना सलाम. पण कालक्रम बघा. बर्लिनची भिंत पडली नोव्हेंबर १९८९ ला आणि डी क्लर्क यांचं मंडेलांच्या सुटकेची घोषणा करणारं भाषण २ फेब्रुवारी १९९० ला. कम्युनिस्टांचा बागुलबुवा संपला, तेव्हा गोरे टेबलावर आले. शिवाय अंगोला-नामिबियातलं युद्ध परवडेनासं झालं होतं.

आणि तत्त्वाचंच बोलायचं तर भारताने नोव्हेंबर १९९१ मध्ये ईडन गार्डन्सवर क्लाइव्ह राइसच्या संघाचं वाजतगाजत स्वागत केलं. तेव्हा काळ्या माणसाला मत कुठे होतं? १९७४ ला चालत नव्हतं ते १९९१ ला कसं चाललं?

सोमवारपेठी

भिंत पडली म्हणून ते टेबलावर आले हे अर्धं खरं. तोवर तिजोरी रिकामी नसती तर भिंत पडूनही ते बसून राहिले असते. अमेरिकन काँग्रेसने १९८६ मध्ये रेगन यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंधांचा कायदा केला होता, तो काही भिंतीची वाट बघत नव्हता.

१९९१ चं उत्तर सोपं आहे. क्रिकेटचं दार उघडावं असं मंडेलांची आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच म्हणत होती. बहिष्कार त्यांच्या मागणीवरून होता, मग कुठली कडी कधी काढायची हेही त्यांनीच ठरवायचं. उरलेले आर्थिक निर्बंध उठवा, हे मंडेलांनी संयुक्त राष्ट्रांत सांगितलं सप्टेंबर १९९३ मध्ये. शस्त्रबंदी तर निवडणूक होऊन ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, मे १९९४ मध्ये उठली.