बाबांसोबत रावेर ते पुणे, पेनड्राइव्हमधे क्वीनची कोणती गाणी टाकू?

केळीबागवाला:
मंडळी, शनिवारी बाबांबरोबर पिकअपमधून पुण्याला निघायचंय, बहिणीचं सामान पोचवायला. जळगाव-अजिंठा-संभाजीनगर करत जायचं, गाडी भरलेली, म्हणजे दहा तास कुठे गेले नाहीत. बाबा म्हणजे किशोरकुमार, बस, दुसरं काही नाही. त्यांचं म्हणणं खंडवा आपल्यापासून हाकेवर, म्हणजे किशोर आपलाच माणूस. आणि मी बारावीपासून क्वीन या इंग्रजी रॉक बँडचा वेडा.

मागच्या वेळी हौसेने बोहेमियन ऱ्हॅप्सडी लावलं. सुरुवातीचा पियानो चालू होता तोवर गप्प होते, मग ते मधलं गॅलिलिओ गॅलिलिओ सुरू झालं तसं म्हणे, "ही कोणाची भांडणं लागली रे, बंद कर." पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं तीन मिनिटांत आटोपलं.

माझी यादी सध्या अशी: लव्ह ऑफ माय लाइफ, समबडी टु लव्ह, रेडिओ गागा, अनदर वन बाइट्स द डस्ट. अजून सुचवा, पण बाबांचा हात बटणाकडे जाणार नाही अशीच.

जंक्शनचा पोऱ्या:
आधी बाबांना सांग की क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा, पारशी पोरगा, जन्म झांझिबारचा पण शिकला आपल्या पाचगणीला बोर्डिंगमधे. खंडवा तर एमपीत आहे भो, पाचगणी महाराष्ट्रात, मग जास्त आपला कोण?

समबडी टु लव्ह ठेवच. त्यातला कोरस ऐकून वाटतं पन्नास माणसं गाताहेत, पण फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर या तिघांनीच आवाजावर आवाज चढवून सगळं भजनी मंडळ उभं केलंय. 1976 चं आहे, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. बाबा भजनाला जात असतील तर डोकं हलणार म्हणजे हलणार.

धुळ्याचा भाऊ:
माले ते फ्रेडीना आवाजच पुरे शे, काहीबी लाव 😀

पण वी विल रॉक यू गाडीत नको, ते चारचौघांत करायचं गाणं आहे. त्यात ड्रमसेट नाहीच, पाय आपटलेत आणि टाळ्या वाजवल्यात, गिटार येते ती पार शेवटी. आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला केलं होतं, दोनदा पाय एकदा टाळी, तीनशे पोरं, वर पत्र्याचं शेड, आणि बाकं एवढी आपटली की दोन मोडली. पुढच्या वर्षी गॅदरिंगच बंद. भरपाई भरली ती वेगळीच.

मोटार रिवाइंडिंग चोपडा:
सगळे फ्रेडी फ्रेडी करताय पण बाबांसाठी ब्रायन मेची गाणी बघा. 1975 च्या अ नाइट अॅट द ऑपेरा या अल्बममधेच दोन घेण्यासारखी आहेत. एक थर्टी-नाइन, ऐकायला साधं गावाकडचं गाणं, आत गोष्ट मात्र अंतराळात गेलेल्यांची, त्यांचं एक वर्ष होतं आणि इकडे परत येतात तर शंभर वर्षं उलटलेली. माणूस खगोलशास्त्राचाच विद्यार्थी, बँडसाठी पीएचडी अर्धवट टाकली होती ती 2007 मधे पुरी केली.

दुसरं गुड कंपनी. त्याच्या मधे आख्खा बँड वाजतो, क्लॅरनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, आणि त्यातलं एकही वाद्य खरं नाही! सगळी गिटार. गिटार पण कुठली, तर बापलेकांनी घरी बनवलेली, जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा दांडा. आणि ज्या अॅम्पमधून (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) तो आवाज काढलाय तो त्यांच्या बास गिटारवाल्या जॉन डीकनने रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किटमधून जोडलेला. मी रोज जळक्या मोटारी उघडतो त्यामुळे मला या माणसाबद्दल फार आदर आहे, गातबित नव्हता, पण अनदर वन बाइट्स द डस्ट त्याचंच.

रात्रपाळी:
द शो मस्ट गो ऑन कसं काय कोणी लिहिलं नाही? 1991, फ्रेडी शेवटचं आजारपण काढतोय आणि आवाज बघा. ते नसेल तर यादीला अर्थ नाही.

केळीबागवाला:
@रात्रपाळी भाऊ, मलाच ऐकवत नाही ते, गाडी चालवताना तर मुळीच नको.

केळीबागवाला:
आलो परत, तर सांगतो. समबडी टु लव्ह पूर्ण ऐकलं पण डोकंबिकं काही हललं नाही. पाचगणीचं सांगितलं तर म्हणे, "फी किती असेल रे तिथली?" रेडिओ गागा अजिंठ्याच्या घाटात लागलं आणि समोर ट्रक बंद पडलेला, त्यामुळे कोणाचंच लक्ष नव्हतं. थर्टी-नाइनची गोष्ट मी सांगितली तर बराच वेळ गप्प, मग म्हणे, "शंभर वर्षांनी आला म्हणजे वावर कोणाच्या नावावर चढलं असेल?"

पण गुड कंपनी! सिल्लोडच्या पुढे चहाला थांबलो होतो, गाडीचं दार उघडं, गाणं चालू. तो मधला बँड सुरू झाला तसे बाबा बशी हातात धरून थांबले. म्हणे परत लाव. परत लावलं. मी सांगितलं की ही गिटार आहे, एकच माणूस वाजवतोय, तर हसले, "मला येडा समजतो का? चाळीस वर्षं वरातीत नाचलोय, क्लॅरनेट मला कळत नाही?" पुण्यापर्यंत वाद चालला. बहिणीच्या दारात सामान उतरवताना पण जावयाला विचारत होते, "तुम्ही सांगा, ही गिटार आहे का?"

आता म्हणताहेत काकाच्या पोराच्या लग्नाला हाच बँड सांगू, सुपारी किती घेतात विचार.