व्हॅम थंड करत नाहीये, तातडीने मदत हवी

नटबोल्ट_चाकण
नमस्कार मंडळी. आमच्या मोल्डिंगच्या शॉपला ६० टनाची व्हॅम आहे, म्हणजे उष्णतेवर पाणी गार करणारं व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन; गॅस जनसेटच्या (वीज करणाऱ्या गॅस इंजिनाच्या) गरम पाण्यावर चालते. तीन वर्षं काही त्रास नव्हता. मार्चपासून चिल्ड वॉटर (मोल्ड गार करणारं पाणी) ८ अंशांवरून चढत चढत १४ वर आलंय. सायकल टाइम २२ सेकंदांचा ३१ झाला, मालक रोज येऊन डोक्यावर उभे राहतात. सर्व्हिसवाला पुढच्या गुरुवारी येतो म्हणतो. तोवर काय करू? पर्ज केलंय (आतली हवा काढली), फरक नाही. लवकर सांगा.

फुकटची_वाफ
वाफ शोषणारं लिथियम ब्रोमाइडचं द्रावण, सिंगल इफेक्ट (एकाच टप्प्यात तापवणारं) मशीन धरून चालतो. जनरेटरला पाणी किती अंशावर जातं, किती अंशावर बाहेर येतं? कूलिंग टॉवरचं पाणी किती? व्हॅक्यूम किती? १४ हे इनलेट की आउटलेट? आकडे द्या, नाहीतर सगळे अंधारात दगड मारत बसतील.

स्क्रू_ढिला
काढून टाका ते धूड आणि विजेवरचा स्क्रू चिलर बसवा. व्हॅमचा सीओपी (दिलेल्या ऊर्जेमागे मिळणारा गारवा) ०.७, स्क्रूचा ५ च्या आसपास. यापुढे बोलण्यासारखं काही नाही.

फुकटची_वाफ
@स्क्रू_ढिला, ते ०.७ फुकटच्या उष्णतेचे आणि ५ विकतच्या विजेचे. ६० टनाला तुमचा स्क्रू तासाला ४० युनिट खाणार. इथे जी उष्णता रेडिएटरमधून हवेत जायची, तीच वापरतोय.

स्क्रू_ढिला
आणि टॉवर? मला ७५ टनाचा पुरतो, तुम्हाला जवळजवळ १५० टनाचा लागतो. पाणी फुकट येतं का?

फुकटची_वाफ
हे मात्र मान्य. पण धागा टॉवरच्या पाणीपट्टीचा नाही.

नटबोल्ट_चाकण
१४ आउटलेटच, अर्थात. जनरेटर ८९ दाखवतो, कायम तेवढाच असतो. टॉवरचं पाणी ३३. व्हॅक्यूमचा काटा मला वाचता येत नाही, हिरव्या पट्ट्यात आहे.

पोकळ_वासा
हवा शिरलीये, लिहून देतो. इव्हॅपोरेटरमध्ये ६-७ मिलीमीटर पारा एवढाच दाब असतो, म्हणून तिथे पाणी ५ अंशांना उकळतं. चिमूटभर हवा गेली की संपलं. पर्ज पंपाचं तेल बघा. ताकासारखं पांढरं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, पंप नुसता घरघरतोय. आमच्याकडे साइट ग्लासच्या गॅस्केटमधून हवा जात होती, सापडायला दीड महिना लागला.

नटबोल्ट_चाकण
तेल मागच्याच आठवड्यात बदललंय. मधासारखं स्वच्छ आहे.

घामाघूम
@पोकळ_वासा, प्रत्येक धाग्यावर हवाच कशी शिरते हो? ३३ आकडा दिसला नाही का? मे महिन्यात दमट हवेत टॉवर आणखी काय देणार? ॲब्सॉर्बर तापला की ब्रोमाइड वाफ शोषत नाही. टॉवरचे फिल (पाणी पसरवणारे आतले थर) बदला.

पोकळ_वासा
त्रास मार्चपासून आहे. मार्चमध्ये चाकणला कसली दमट हवा?

जुनी_बरणी
अवांतर: आमच्या आजोळी रॉकेलवर चालणारा फ्रीज होता. खाली ज्योत, वर बर्फ! लहानपणी जादूच वाटायची. स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लॅटेन आणि मुंटर्स यांनी, १९२२ मध्ये तो शोधला. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, फिरणारा भाग एकही नाही. वात काजळली की आजी वैतागायची. तुमच्याकडे वात काजळली नाही ना?

गार_गार
अमोनियाचं मशीन घ्या, उणे तापमानही मिळतं. ब्रोमाइडवाल्यात पाणीच रेफ्रिजरंट असतं, ० च्या खाली जाता येत नाही.

फुकटची_वाफ
त्यांना ८ अंश हवेत. उणे कोणी मागितलंय?

मीठमोहरी
मध्ये लाइट गेली होती का? डायल्यूशन (द्रावण पातळ करणं) पुरं न होता मशीन बंद पडलं तर ब्रोमाइडचे खडे धरतात. हीट एक्स्चेंजरची सोल्यूशन लाइन हात लावून बघा, एखादा तुकडा गार लागला तर तिथे जमलंय.

चष्मा_कुठाय
एक शंका. ‘जनरेटर ८९ दाखवतो’ म्हणजे कुठला? व्हॅमचा की गॅसवरचा?

नटबोल्ट_चाकण
गॅसवरचाच. दुसरा कुठला असणार?

फुकटची_वाफ
अहो! व्हॅमच्या ज्या भागात ब्रोमाइड तापतं त्यालाही जनरेटरच म्हणतात. दोन दिवस मी तो आकडा घेऊन बसलोय. ८९ ला पाणी इंजिनातून निघतं. मशीनच्या तोंडाशी किती आहे ते मोजा. आणि जनसेटच्या रेडिएटरचा पंखा चालू असतो का?

नटबोल्ट_चाकण
पंखा दिवसभर चालू. पूर्वी क्वचित लागायचा. मशीनच्या तोंडाशी पाइपवर तापमान मोजायची गन मारली, ७८.

फुकटची_वाफ
सापडलं. इंजिन उष्णता देतंय, पण ती व्हॅमपर्यंत पोचत नाही म्हणून पंखा ती बाहेर फेकतोय. ९० ला बेतलेल्या मशीनला ७८ चं पाणी दिलं तर क्षमता निम्म्यावरही येऊ शकते. ११ अंश मध्ये कुठे गेले? प्लेट एक्स्चेंजर आहे का?

नटबोल्ट_चाकण
हो, तो तर असतोच ना. इंजिनाचं पाणी वेगळं, व्हॅमचं वेगळं.

चष्मा_कुठाय
व्हॅमच्या बाजूला पाणी कसलं भरता?

नटबोल्ट_चाकण
सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) फेब्रुवारीत बिघडला, तेव्हापासून बोअरचं. पंपाचा सील गळतो म्हणून रोज थोडं टॉपअप करावं लागतं. त्याचा काय संबंध?

मीठमोहरी
😂 खडे धरलेत, फक्त ब्रोमाइडचे नाहीत.

स्क्रू_ढिला
हायड्रोक्लोरिक फिरवा, तासाभरात साफ.

फुकटची_वाफ
अजिबात नको! स्टेनलेसच्या प्लेटांना क्लोराइडने बारीक भोकं पडतील. सल्फॅमिक ॲसिड घ्या, कोमट पाण्यात, नंतर भरपूर धुवा. प्लेटा उघडताना क्रमाने नंबर टाका. आणि आधी तो सील बदला.

नटबोल्ट_चाकण
रविवारी उघडला. प्लेटांवर चुनखडीचा थर, नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते. मधल्या दहा-बारा प्लेटा तर एकमेकींना चिकटल्याच होत्या. धुऊन बसवला. आता मशीनच्या तोंडाशी ८६, चिल्ड वॉटर ९.५. मोल्ड गार व्हायला लागलेत. सगळ्यांचे आभार, विशेषतः @चष्मा_कुठाय.

घामाघूम
९.५ म्हणजे अजून दीड अंश बाकी. टॉवर!

पोकळ_वासा
हवा!

नटबोल्ट_चाकण
दोन गॅस्केट काढताना फाटले, सध्या त्या दोन प्लेटा बाहेर ठेवून चालवतोय. पुण्यात सुटे गॅस्केट कुठे मिळतील? कंपनी अख्खा सेट घ्या म्हणतेय.

चष्मा_कुठाय
मॉडेल नंबर?